प्रार्थनेचा पेनड्राइव्ह

आमच्या घरचा लॅपटॉप 2013 चा. दीर अमरावतीला इंजिनिअरिंगला होते तेव्हा मामाजींनी (सासऱ्यांनी) सोयाबीनच्या पैशातून घेऊन दिलेला. दीर नोकरीला लागले, त्यांनी नवा घेतला, आणि हा फिरून दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या वाट्याला आला. मी गावातल्या बचत गटांचं लिहायचं काम पाहते. अकरा गट आणि त्यांचा एक ग्रामसंघ. वह्या हातानंच लिहायच्या असतात, पण ठराव, बँकेचे अर्ज, कोणाचा किती हप्ता राहिला त्याचे तक्ते, हे सगळं लॅपटॉपवर. मुलगी आठवीत आहे, तिलाही तो लागतो.

वर्षभरात त्याची गत अशी झाली होती की बटन दाबायचं, चहा मांडायचा, पिऊन कप विसळून यायचं, तेव्हा कुठे पडदा दिसायचा. एक्सेलची फाईल उघडायला सांगितली की आतून खरखर सुरू, आणि बाणाचं ते निळं चक्र फिरत बसायचं. खाली उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट अक्षरं तर तीन वर्षांपासून मुक्कामाला होती.

ती अक्षरं तालुक्याच्या एका दुकानातून आली. तेव्हा असाच हळू झाला म्हणून नेला होता. ‘फॉर्मॅट मारून देतो, पाचशे रुपये, डी ड्राइव्हले हात लावत नाई’ असं सांगून त्यानं ठेवून घेतला. परत आणला तर डी ड्राइव्ह स्वच्छ, शाळा सुरू व्हायच्या आधीच्या फळ्यासारखा. तीन वर्षांचे तक्ते गेले. वह्या होत्या म्हणून निभावलं, पण त्यांच्यावरून सगळं परत टाकायला दोन महिने रात्री बसले. तेव्हाच ठरवलं होतं, यापुढं याचं पोट फाडायचं तर घरीच.

मुहूर्त लागला तो 2025 च्या दिवाळीत. 14 ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही, पण नेहमी येणारी सुरक्षेची अपडेट थांबतात. माझा भाऊ पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला म्हटलं, विंडोज 11 टाकू का? तो हसला. अकराला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा आय-थ्री तिसऱ्या पिढीचा. आडमार्गानं टाकता येते म्हणे, पण 4 जीबी रॅममध्ये ती जनावराच्या पाठीवर ट्रॅक्टर लादल्यासारखी गोष्ट. “विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाक,” तो म्हणाला, “त्यातलं एक्सएफसीई नावाचं रूप. हलकं हाय, फुकट हाय, अन् 2029 पर्यंत अपडेट येतात.”

भाऊबिजेला त्याला येणं जमलं नाही. ओवाळणी म्हणून साडीऐवजी त्यानं एक डबी पाठवली, 240 जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, तिच्याहून वेगवान डिस्क. कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही, दारव्ह्याला जाऊन आणावं लागलं. सासूबाईंनी ती हातात घेऊन जोखली.

“कितीची हाय वं?”

“सोळाशेची, आई.”

“सोळाशे! दहा रुपये किलोनं येचणी हाय. एकशे साठ किलो कापूस येचा लागते या डबीसाठी. अन् वजन पाहा इचं, पापडाएवढं.”

हिशोब चुकीचा नव्हता. पण भाऊ जे बोलला ते मला पटलं होतं. जुनी हार्ड डिस्क आतल्या आत पुसायचीच नाही. ती काढून कपाटात ठेवायची आणि नव्या डबीवर नवं घर मांडायचं. काही बिघडलं तर जुनी परत लावायची, लॅपटॉप होता तसा. ज्याचा डी ड्राइव्ह एकदा गेलाय त्याला या वाक्याची किंमत सोळाशेच्या वर वाटते.

पहिलं काम फाईल उतरवायचं. मिंटची फाईल जवळजवळ 3 जीबीची. माझा रिचार्ज रोज 2 जीबीचा. घरात वायफाय नाही आणि नेटवर्क म्हणाल तर गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या दक्षिणेला. मी त्या दिवशी मुद्दाम फोनवर काहीच पाहिलं नाही. रात्री साडेदहाला गच्चीवर जाऊन डाउनलोड लावलं. पावणेबाराला 1.9 जीबीवर गाडी थांबली, दिवसाचा डेटा संपला. बारापर्यंत शाल गुंडाळून बसले. बारा वाजता नवा दिवस, नवे 2 जीबी. ‘रिझ्यूम’ दाबलं आणि पाऊण तासात फाईल आली. भावानं आधीच बजावलं होतं की तुकड्यातुकड्यानं उतरवलेली फाईल तपासून घ्यायची. लॅपटॉपवर टाकून विंडोजच्या त्या काळ्या खिडकीत ‘सर्टयुटिल’ची एक ओळ लिहिली की फाईलचा ठसा येतो, 64 अक्षर-अंकांचा. तो मिंटच्या साइटवरच्या ठशाशी जुळला पाहिजे. मुलगी एकेक अक्षर वाचत होती, मी बोट ठेवत होते. जुळला.

दुसरं काम पेनड्राइव्ह. आठवडी बाजारातून दीडशेला घेतलेला 64 जीबीचा पेनड्राइव्ह घरात होता. रूफस नावाच्या छोट्याशा प्रोग्रामनं त्यावर फाईल चढवली, तक्रार काही नाही, हिरवी पट्टी पूर्ण. लॅपटॉप बंद करून चालू केला, पेनड्राइव्हवरून सुरू व्हावा म्हणून एफ 12 दाबलं. (आमच्या लॅपटॉपला एफ 12 लागते. कुठे एफ 9, कुठे एस्केप. आणि ती कळ कंपनीचं चिन्ह दिसायच्या आत दाबावी लागते. मला चौथ्या वेळी जमलं.) यादीत पेनड्राइव्ह दिसला, निवडला, मिंटचं चिन्ह आलं आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींचा पाऊस. एरर, एरर, एरर.

पडद्याचा फोटो भावाला पाठवला. त्याचा पहिलाच प्रश्न, “पेनड्राइव्ह कुठून घेतला?”

बाजारात असे पेनड्राइव्ह सर्रास मिळतात. वर 64 लिहिलेलं, कॉम्प्युटरलाही तो 64 च सांगतो, पण आत चिप असते एकदोन जीबीची. जागा संपली की तो ‘नाही’ म्हणत नाही. पुढचं घेतल्यासारखं करतो आणि टाकून देतो. याच पेनड्राइव्हवर मी नणंदेच्या लग्नाचे फोटो ठेवले होते आणि अर्धे का उघडत नाहीत म्हणून फोटोवाल्याशी भांडले होते. त्या माणसाची माफी मागायची राहिली आहे.

आता खरा पेनड्राइव्ह कोणाकडं? गावात शोध घेतला तर एकच नक्की चालणारा निघाला, सामुदायिक प्रार्थनेच्या स्पीकरला लावलेला 8 जीबीचा. तो रोज वाजतो म्हणजे खरा. तो काकाजींच्या ताब्यात. काकाजी आमच्या चुलत घरातले, प्रार्थना मंडळाची किल्ली आणि स्पीकर त्यांच्याकडे.

“नेजो,” ते म्हणाले, “दोन दिवस आम्ही तोंडानंच म्हणतो. पण गुरुवारी भजन हाय, बाहेरगावचे लोक येतात. गुरुवारी पाचच्या आत पायजे. अन् गाणे जाले नाई पायजे, सूनबाई.”

सोमवार संपत आला होता. आधी त्यातली एकसष्ट भजनं फोनमध्ये घेतली, मग परत मोजली, आणि मगच रूफसला पेनड्राइव्ह दाखवला. या वेळी ओळींचा पाऊस नाही. मिंटचा पडदा सरळ उघडला. हे मला फार आवडलं की काहीही न टाकता, नुसतं पेनड्राइव्हवरून सगळं चालवून पाहता येतं. पडदा ठीक, आवाज ठीक, टचपॅड ठीक, वायफाय नाही. ते तेव्हाच कळलं म्हणून पुढं घाबरले नाही.

मंगळवारी सकाळी पोट फाडलं. आधी बॅटरी काढली. ती तशीही मेलेलीच आहे, वायर निघाली की लॅपटॉप निघाला. शिलाई मशीनच्या डब्यातला पेचकस चपटा, इथं लागतो स्टारचा. मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराकडून तासाभरासाठी आणला. मागचं झाकण दोन स्क्रूचं. आत धुळीची गादी, पंख्यात माझेच केस असावेत असे लांब केस. डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसलेली असते, तिचे चार बारीक स्क्रू. ते हरवू नयेत म्हणून कुंकवाच्या करंड्याच्या झाकणात ठेवले. नवी डबी जुनीपेक्षा पातळ आहे, पण भोकं त्याच मापाची. डिस्क खाचेतून ओढताना हात थरथरले हे खरं. वर उचलायची नाही, आडवी सरकवायची, एवढं लक्षात ठेवलं तर बाकी काम मिक्सरचं भांडं बदलण्याहून अवघड नाही. जुनी डिस्क जुन्या सुती साडीच्या घडीत गुंडाळून कपाटात.

दुपारी एकला इन्स्टॉल सुरू केलं. भाषेच्या यादीत मराठी दिसली. उत्साहानं निवडली. भाऊ फोनवर म्हणतो ‘कंटिन्यू दाब’, तर माझ्या पडद्यावर ते नाही. तो म्हणतो ‘इन्स्टॉलेशन टाइप आलं का?’ तर मी मराठी वाचून दाखवते आणि तो म्हणतो, हे काय नवीन? पाच मिनिटांत दोघंही थकलो. मागं जाऊन इंग्रजी केलं. मायबोलीचा अभिमान मला आहे, पण फोनवर विचारून काम करायचं तर सांगणाऱ्याची आणि पडद्याची भाषा एक लागते.

मग तो पडदा आला, ‘इरेज डिस्क’. आतली हार्ड डिस्क कपाटात आहे हे माहीत असून बोट अडलं. खाली डिस्कचा आकार लिहिला होता, 240 जीबी. जुनी 500 ची. तीनदा वाचलं आणि दाबलं. पट्टी सरकायला लागली. अर्ध्याच्या पुढं गेली आणि लाईन गेली.

आमच्या गावात शेतीची लाईन वेगळी आणि गावठाणाची वेगळी. शेतीच्या लाईनची पाळी असते. गावठाणाच्या लाईनची पाळी नसते, मर्जी असते. पंखा थांबला, लॅपटॉपही गप्प. हेच जुन्या डिस्कवर करत असते तर मी तिथंच रडले असते. आता नुसतं स्वयंपाकघरात जाऊन तूर निवडत बसले.

लाईन साडेचारला आली, पण माझा तिच्यावरचा भरोसा गेला होता. इन्व्हर्टर काकाजींकडे. मग लॅपटॉप, चार्जर, पेनड्राइव्ह अशी वरात त्यांच्या ओसरीवर. पहिल्यापासून परत सगळं केलं. या वेळी कळा पाठ होत्या. वेळेचा प्रदेश विचारला तिथं कोलकाता (भारतभर घड्याळ एकच, नाव कोलकात्याचं), नाव, पासवर्ड, गाणी-व्हिडिओ चालवण्यासाठीच्या कोडेकच्या चौकटीत टिक. मग पट्टी चालू झाली आणि मी चटईवर बसून राहिले. काकाजी चष्मा लावून पडद्याजवळ आले.

“कोनतं हाय हे?”

“मिंट 22.2, काकाजी. नाव झारा.”

“झारा? पुऱ्या तळाचा?”

मिंटच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. 2006 मध्ये पहिली आली ती ‘अदा’. पुढं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं नावं चालत आली, 22 ची विल्मा, मग झिया, मग ही झारा, सगळ्या आकारान्त. हे मी सांगितलं तेव्हा काकाजींची सून आतून म्हणाली, “मंग तुमच्या गटात घ्या न वहिनी तिले, सभासद कमी हाय म्हणून तं तुम्ही बोंबलून रायल्या.”

वीसेक मिनिटांत झालं. पेनड्राइव्ह काढून एंटर दाबा असं आलं, काढला, दाबलं. लॅपटॉप बंद होऊन चालू झाला, आणि मी आकडे मोजत होते. पासवर्डची चौकट आली तेव्हा एकतीस झाले होते. मी तो परत बंद केला आणि परत मोजले. मग काकाजींच्या नातवानं मोजले.

इथपर्यंतच्या कामाला लोक ‘विंडोज टाकणं’ म्हणतात आणि त्याचेच पाचशे घेतात. खरं काम बुधवारी सुरू झालं.

वायफायची चिप चालवायला ड्रायव्हर नावाचा वेगळा प्रोग्राम लागतो आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागतं, म्हणजे घागर विहिरीत आणि दोर घागरीत. उपाय मात्र सोपा निघाला. फोन चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडला, फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं, आणि लॅपटॉपला लगेच नेट मिळालं, काही न टाकता. ‘ड्रायव्हर मॅनेजर’नं वायफायची चिप ओळखली, एक ड्रायव्हर सुचवला. लावला, परत चालू केलं, वायफाय आलं. अपडेट मात्र त्या रात्री गच्चीवरच झाली, पुन्हा बाराच्या मुहूर्तावर.

मग साडीच्या घडीतून जुनी डिस्क काढली. तीनशे रुपयांची एक केबल मिळते, एका टोकाला डिस्क, दुसऱ्याला यूएसबी. डिस्क दिसली. लिहू देत नव्हती, नुसती वाचू देत होती. भाऊ म्हणाला, विंडोज पूर्ण बंद होत नाही, झोपल्यासारखं बंद होतं, म्हणून मिंट तिला हात लावायला घाबरते. मला तर हेच हवं होतं. ग्रामसंघाचा फोल्डर इकडं घेतला आणि एक्सेलच्या जागी मिंटमध्ये असलेल्या लिब्रेऑफिसमध्ये तक्ता उघडला. आकडे जागच्या जागी, बेरजा बरोबर. वर शीर्षकात जिथं ‘बचत गट’ असायचं तिथं इंग्रजी अक्षरं. सी, पी, आर. मग जागा सोडून एक्स, व्ही.

छातीत धस्स झालं. पुन्हा डी ड्राइव्ह, असंच वाटलं. सगळ्या फाईलींत तेच. सभासदांची नावं म्हणजे इंग्रजी अक्षरांची भेळ.

कारण कळल्यावर स्वतःवरच चिडले. मी टायपिंग शिकले ते कृतिदेववर. कृतिदेव हा युनिकोड नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा वेगळा संकेत असतो, कृतिदेवमध्ये तसं नाही. फाईलमध्ये खरंच इंग्रजी ‘सी’ असतो, फक्त तो फॉन्ट त्या ‘सी’ला ‘ब’चं चित्र लावतो, ‘पी’ला ‘च’चं, ‘आर’ला ‘त’चं. फॉन्ट असेल तोवर मराठी, नसेल तर सीपीआर. इतकी वर्षं मी मराठीत लिहीतच नव्हते, इंग्रजी अक्षरांना नऊवारी नेसवत होते. आमच्याकडचे कितीतरी जुने ठराव, पत्रिका, अर्ज असेच पडून असतील.

तात्पुरता इलाज म्हणजे जुन्या डिस्कच्या विंडोजमधल्या फॉन्टच्या फोल्डरमधून कृतिदेवची फाईल उचलली. मिंटमध्ये आपल्या घरच्या फोल्डरात ‘फॉन्ट्स’ नावाचा, नावाच्या आधी टिंब असलेला फोल्डर करायचा. टिंबामुळं तो लपलेला असतो, कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतो. फॉन्ट त्यात टाकला, ऑफिस बंद करून उघडलं. ‘बचत गट’ परत आला. सासूबाईंचं नाव परत आलं, त्यांच्या नावापुढची साडेतीन हजारांची बाकीही.

कायमचा इलाज म्हणजे सगळं युनिकोडमध्ये आणणं. मजकूर पालटून देणारे प्रोग्राम मिळतात, पण जोडाक्षरांत आणि रफारात घोळ घालतात, नजरेखालून घालावंच लागतं. अकरापैकी दोन गटांचं झालं आहे. आणि मला टाइप करायलाही नव्यानं शिकावं लागतंय. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी जोडली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, रचना शहाण्यासारखी आहे. पण पंधरा वर्षांच्या सवयीच्या बोटांना शहाणपण कोण सांगणार? ‘ठराव’ लिहायला गेले की पहिल्यांदा भलतंच काहीतरी उमटतं. मुलीनं मात्र आठवड्याभरात पाठ केलं आणि आता मला शिकवते, थोडं जास्तच आवाज चढवून.

ग्रामसंघाचा जुना लेझर प्रिंटर अजून चालत नाही. कॉम्प्युटर म्हणतो ‘जोडला’, प्रिंटर म्हणतो ‘कोण?’ सध्या पीडीएफ करून फोनवर घेते आणि झेरॉक्सच्या दुकानातून पानाला पाच रुपये देऊन काढते. ते दुखणं अंगावर काढतेय.

गुरुवारी दुपारी तीनला आठवलं की पेनड्राइव्ह द्यायचा आहे आणि त्यावर अजून झाराच बसलेली आहे. मिंटमध्येच ‘यूएसबी स्टिक फॉर्मॅटर’ असतो. त्यात फॅट-32 निवडलं, कारण स्पीकरला दुसरं काही वाचता येत नाही. एकसष्ट भजनं फोनमधून एकदम निवडली, एकदम टाकली, मोजली, एकसष्ट. पाचला दहा कमी असताना काकाजींच्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावून खिशात टाकला.

संध्याकाळी मी भाकरी टाकत होते. देवळाच्या भोंग्यातून पहिला सूर आला तो आरतीचा. आरती शेवटी असते. मग मधलंच एक भजन, मग ज्या खंजिरीच्या भजनाला लोक उठून टाळ्या धरतात ते, आणि बाहेरगावचे पाहुणे अजून चपला काढत होते. पाच मिनिटांत काकाजींचा नातू दारात.

“काकू, आबानं बलावलं. म्हणते गाणे सारे हाय, पण उलटेसुलटे झाले.”

स्पीकर नाव वाचत नाही. ज्या क्रमानं गाणी पेनड्राइव्हवर चढली त्याच क्रमानं वाजवतो. वर्षांपूर्वी कोणीतरी ती एकेक करून प्रार्थनेच्या क्रमानं चढवली होती आणि मी ती पोत्यातून ओतल्यासारखी ओतली होती. तवा उतरवला, लॅपटॉप काखेत मारला आणि देवळात गेले. लोक तोंडानं प्रार्थना म्हणत होते. काकाजींनी खिशातून छोटी वही काढली, चष्मा पुसला, आणि माझ्या कानाजवळ येऊन हळूच म्हणाले, “लिही सूनबाई, पहिलं कोनतं ते सांगतो.”